ताईचा आवाज कुठे ठेवायचा

आमच्या घरात कुठलीही वस्तू सहज येत नाही. आधी तिची चौकशी होते, मग चाळणी, मग फेरचौकशी. बाहेरच्या खोलीत पंखा घ्यायचं ठरलं तेव्हा उकाड्याने जीव जात होता. तो पंखा छताला लागला तेव्हा आम्ही खाली स्वेटर घालून बसलो होतो आणि हे मान वर करून म्हणत होते, "बघ, घाई केली असती तर फसलो असतो."

'हे' म्हणजे माझे यजमान. रंगाच्या कारखान्यात शेड जुळवण्याच्या खात्यात त्यांची सगळी नोकरी गेली. पांढऱ्या रंगाच्या दोन पट्ट्या उजेडात धरायच्या आणि त्यांतली कुठली जास्त पांढरी ते सांगायचं, याचा त्यांना पगार मिळायचा. निवृत्त झाल्यावर पगार थांबला, पट्ट्या धरणं थांबलं नाही. आता ते साबण धरतात, दिवे धरतात, आणि मी घाईत असले तर बाजारात दोन लिंबंही धरतात.

मी पडदे आणि सोफ्याची कव्हरं शिवते. माझं मशीन आणि ह्यांचा जुना कॉम्प्युटर एकाच खोलीत, पाठीला पाठ लावून बसलेले. त्यामुळे कॉम्प्युटरच्या पोटात टक्‌ टक्‌ व्हायला लागलं ते आधी माझ्या कानावर आलं. बोथट सुई जाड कापडातून जाताना करते तसा आवाज.

"अहो, ह्याच्यात काहीतरी तुटतंय."

"हार्डडिस्क म्हातारी झालीय."

"मग आतलं काढून घ्या कुठेतरी. माझ्या मशीनच्या ड्रॉवरमध्ये पेनड्राइव्ह आहे. पडद्यांचे फोटो ठेवते तो. हवा तर घ्या."

ह्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मी जणू रोकड उशीच्या अभ्र्यात ठेवा म्हणाले. "पेनड्राइव्ह म्हणजे बॅकअप नव्हे. पेनड्राइव्ह म्हणजे हरवायची वस्तू. आता सगळे क्लाउडवर ठेवतात."

"मग ठेवा."

"अशा कंपन्या किती आहेत, माहीत आहे तुला?"

मला माहीत नव्हतं. पुढच्या काही महिन्यांत झालं, आणि माझी कसलीही इच्छा नसताना झालं. कोण किती जागा फुकट देतं, कोणाकडे फाइल किती वेगाने चढते, कोणाचं कुलूप किती पदरी. एका कंपनीची माहिती वाचून हे जेवता जेवता थांबले आणि विचारात पडले, की ज्या देशात त्यांचे सर्व्हर आहेत तिथे भूकंप होतात. "म्हणजे आपली विजेची बिलं दगावायची," मी म्हटलं. ते म्हणाले, "तेच ना." मी चेष्टा करतेय हे त्यांच्या लक्षात यायला साधारण जेवण संपावं लागतं.

शेवटी दोघे उरले. त्यांची खरी नावं माझ्या जिभेवर बसेनात, म्हणून मी आपली नावं ठेवली. एक चिकटराव आणि एक गुणाजी. ही नावं का पडली ते येईलच.

दोघांची परीक्षा घ्यायची तर त्यांच्याकडे काहीतरी चढवून पाहायला हवं. ह्यांनी कॉम्प्युटरमध्ये डोकं घातलं आणि म्हणाले, "जड काहीतरी हवं. आणि गेलं तरी चालेल असं."

बिलं गेली तर चालणार नव्हती. कारखान्यातली प्रशस्तिपत्रं तर नाहीच नाही. राहिले ताईचे मेसेज.

ताई म्हणजे ह्यांची थोरली बहीण. इस्पितळात मेट्रन होती. तिच्या आवाजाने वॉर्डातले नातेवाईक भिंतीला चिकटायचे आणि, ह्यांचं म्हणणं, एकदोन रुग्ण नुसत्या त्या आवाजाने बरे झाले. ती एकटी राहते, आमच्यापासून दोन रस्ते पलीकडे. मेसेज टाइप करणं तिला मंजूर नाही. "मी काय कारकून आहे?" म्हणून ती फोनमध्ये बोलून पाठवते, आणि बोलायला बसली की एका पडद्याची तळाची पट्टी सहज शिवून होते. मी फोन स्पीकरवर ठेवून मशीन चालवायचे.

"ऐक. काल तुझ्याकडे बाथरूमचा नळ ठिबकत होता. मी काही बोलले नाही. पाहुण्यासारखी आले, पाहुण्यासारखी गेले. पण तू ह्याला सांगितलंस तर हा वायसर निवडत बसेल, तोवर तुमच्या घरात तळं होईल. सरळ प्लंबरला बोलाव. आणि तू बारीक झालीयस. कोणी काही म्हणत नाही म्हणून मी म्हणते."

असे शेकडो. माझा फोन भरला की हे ते मेसेज कॉम्प्युटरवर काढून ठेवायचे. प्रेमापोटी नव्हे, पुराव्यासाठी. मागे एकदा ताई 'असं मी बोललेच नव्हते' म्हणाली होती, तेव्हापासून हे सावध होते.

तर ते सगळं गाठोडं परीक्षेला बसलं. चिकटरावाकडे ह्यांनी 'चाचणी' नावाचं फोल्डर केलं आणि त्यात ताईला चढवलं. मग गुणाजीकडेही चढवलं. आठवडाभर दोघांना उजेडात धरून पाहिलं आणि निकाल दिला. चिकटराव नापास. कारण काय, तर खातं बंद करायला गेले तर त्याने तीनतीनदा विचारलं. खरंच जाताय? नक्की? काही चुकलं का आमचं? आणि बंद केल्यावरही त्याची पत्रं थांबेनात. 'आम्हाला तुमची आठवण येते. तुमच्या फाइली अजून आम्ही जपून ठेवल्या आहेत.'

"सोडलं म्हटल्यावर सोडायला नको?" हे चिडून म्हणाले. "ताईचाच अवतार आहे." आणि त्यांनी त्याची पत्रं आल्या आल्या नको असलेल्या टपालात पडतील अशी व्यवस्था केली.

गुणाजी मात्र एका शब्दाने उलटून बोलत नव्हता. "इथे कॉम्प्युटरवर जे करीन ते तिथे आपोआप होतं," हे कौतुकाने सांगायचे. "काही विचारणं नाही, काही नाही." लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर माणसाला अशा स्वभावाचं कौतुक वाटणारच.

याच सुमारास ताईचा घसा बसला. बसला तो उठेना. आम्ही गरम पाणी, वाफ वगैरे सुचवत होतो आणि ती ऐकून घेत होती. तिने ऐकून घेतलं तेव्हाच मला समजायला हवं होतं. तपासण्या ती एकटीच करून आली आणि आम्हाला निकाल असा सांगितला, जसा वॉर्डात ड्यूटीचा बदल सांगतात. स्वरयंत्रात गाठ आहे. स्वरयंत्र काढणार. जगेन, बोलणार नाही. चहा टाक.

इस्पितळात एक स्पीच थेरपिस्ट होती, आमच्या मुलीच्या वयाची. तिने आम्हा तिघांना तिच्या चिंचोळ्या खोलीत बसवलं आणि एक टॅब दाखवला. त्यावर टाइप केलं की तो बोलतो. नमुन्यादाखल तिने बोलवून दाखवला. गोड, गुळगुळीत बाई बोलली, "मला पाणी हवे आहे."

ताईने ऐकलं. घोगऱ्या आवाजात, एकेक शब्द ओढत म्हणाली, "ही लिफ्टमधली बाई आहे. दरवाजा बंद होत आहे म्हणते ती. मी लिफ्ट होणार नाही."

ती थेरपिस्ट मुलगी हसली. "मावशी, तुमचा स्वतःचा आवाज पण ह्यात घालता येतो. पण आत्ताचा नाही चालणार, खराब झालाय. आजारापूर्वीचं रेकॉर्डिंग हवं. स्वच्छ आणि भरपूर. आहे कुणाकडे?"

"माझा आवाज कोण ठेवणार?" ताई म्हणाली. "लोक पळायचे तो ऐकून."

हे खुर्चीत ताठ झाले. कारखान्याने निरोपाला घड्याळ दिलं तेव्हासुद्धा मी त्यांना इतकं ताठ पाहिलं नव्हतं.

"माझ्याकडे आहे," हे म्हणाले. "सगळा आहे. क्लाउडवर आहे."

ताईने भावाकडे पाहिलं. त्या नजरेत काय होतं ते मी सांगत नाही, कारण तिने लगेच रुमाल काढून नाक पुसलं आणि नाकाला सर्दीचं कारण दिलं.

ऑपरेशनच्या आधी पुन्हा एकदा यायचं होतं, तेव्हा रेकॉर्डिंग आणायचं ठरलं. आता या मधल्या दिवसांत शहाण्या माणसाने काय करावं? काहीही करू नये. पण कॉम्प्युटर टक्‌टक्‌ करत होता, रडतखडत चालत होता, आणि ह्यांना त्याची दया आली. ताईचं फोल्डर सगळ्यांत जड. ते वर सुरक्षित आहेच, मग खाली कशाला ओझं? त्यांनी त्यातलं सगळं खालून काढलं. काढल्यावर कचरापेटीत गेलं, तर कचरापेटी रिकामी केली. गुणाजीकडेही एक कचरापेटी असते आणि तिच्यातला कचरा जागेत मोजतात, हे ह्यांनी वाचलेलं होतं. आत काय आहे ते न बघता तीही रिकामी केली.

"वर-खाली सगळीकडे झाडून घेतलं," ते येऊन मला म्हणाले. माझ्या तोंडात टाचण्या होत्या. मी मान हलवून शाबासकी दिली.

थेरपिस्टच्या खोलीत ह्यांनी तिच्या कॉम्प्युटरवर गुणाजीला उघडलं, ताईच्या नावाच्या फोल्डरवर बोट नेलं आणि कार्यक्रमाचं उद्घाटन करावं तसं क्लिक केलं.

'हे फोल्डर रिकामे आहे.'

ह्यांनी बंद करून पुन्हा उघडलं. पुन्हा तेच. चष्मा काढून, पुसून उघडलं. गुणाजी खोटं बोलत नव्हता.

थेरपिस्टने हळूच चारदोन प्रश्न विचारले, आणि तिचा चेहरा उतरत गेला. "काका, हा बॅकअप नव्हता हो. हे सिंक आहे. म्हणजे आरसा समजा. तुम्ही समोरून उठलात की आरशातूनही उठता."

"पण त्याने विचारलं नाही," हे म्हणाले.

"तो विचारत नाही."

खोलीत पंखा फिरत होता. कुठल्या कंपनीचा होता कोण जाणे, ह्यांनी वर पाहिलंसुद्धा नाही. ताई खुर्चीवर सरळ बसून होती. मग तिने तिच्या उरल्यासुरल्या आवाजात विचारलं, "किती महिने निवडत होतास?"

तिच्या आयुष्यातलं सगळ्यांत छोटं रागावणं असेल ते. 

घरी आल्यावर ह्यांनी कॉम्प्युटर उचलून दुरुस्तीवाल्याकडे नेला. त्याने कान लावून टक्‌टक्‌ ऐकली आणि आधी ह्यांच्याकडे, मग माझ्याकडे पाहिलं. एवढ्यावरून आम्ही समजलो. माझा फोन तर ह्यांच्याच हाताने वेळोवेळी स्वच्छ झालेला. ताईने तिचा जुना फोन नवा घेताना दुकानात दिलेला. मी पेनड्राइव्हचं नाव काढलं नाही. खरं सांगायचं तर जिभेवर तीनदा आलं, पण बुडणाऱ्याला पोहण्याचे फायदे काय सांगायचे.

दुसऱ्या दिवशी बाजारात ह्यांनी समोर दिसला तो साबण उचलून पिशवीत टाकला. किंमत नाही, वजन नाही, वास नाही. मी घाबरले. रात्रीपासून हे जेवलेही नव्हते नीट, पण ते एवढं नाही वाटलं मला. साबण फार लागला.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी सकाळी ताई आली. इस्पितळात न्यायची बॅग माझ्याकडून भरून घ्यायची होती, म्हणजे मी भरायची आणि तिने चुका काढायच्या. पण त्या दिवशी तिने चुका काढल्या नाहीत. टॉवेल उलटा घडी घातला तरी काही बोलली नाही. हे कोपऱ्यात त्या रिकाम्या टेबलाशी बसून होते.

"सगळंच गेलं?" तिने घोगऱ्या आवाजात विचारलं.

"हो ताई."

थोड्या वेळाने, "नक्की?"

"नक्की."

मी तिचा गाऊन घडी घालत होते. तिने तिसऱ्यांदा तोंड उघडलं. "खरंच?"

आणि माझ्या हातातला गाऊन तसाच राहिला. असं तीनतीनदा विचारणारं ताईशिवाय अजून कोणीतरी आपल्या घराच्या माहितीत होतं.

"अहो," मी म्हटलं, "तो चिकटराव कुठे आहे?"

"कोण?"

"तो हो, जो सोडत नव्हता. नापास केलात तो."

 ह्यांनी माझा फोन ओढून घेतला आणि त्यावर आपली ईमेल लावून नको असलेलं टपाल उघडलं. चिकटरावाची पत्रं एकाखाली एक ओळीने पडली होती, पहिल्यापासून शेवटपर्यंत, एकही आठवडा न चुकता. 'आम्हाला तुमची आठवण येते.' 'परत यायचा विचार करताय?' शेवटचं दोन दिवसांपूर्वीचं होतं आणि त्यात त्याने जरा मान दाखवला होता. 'या महिन्याअखेर आम्हाला तुमच्या फाइली नाइलाजाने काढून टाकाव्या लागतील. आमची इच्छा नाही.'

"किती चांगला माणूस," मी म्हटलं.

पासवर्ड आठवायला बराच वेळ गेला, कारण तोही ह्यांनी निवडून ठेवला होता. शेवटी आत शिरलो. 'पुन्हा भेटून आनंद झाला,' चिकटराव म्हणाला. एकदाही 'बघा, मी सांगत होतो' म्हणाला नाही. माणसात एवढं औदार्य नसतं.

तिथे एकच फोल्डर होतं.

ताई उठून ह्यांच्या मागे येऊन उभी राहिली होती. तिने चष्मा वर-खाली करून वाचलं. "चाचणी म्हणजे काय?"

मी पटकन म्हणाले, "असंच, नाव द्यायचं म्हणून." पण हे त्या दिवशी लपवण्याच्या पलीकडे गेले होते.

"काहीतरी जड हवं होतं परीक्षेला," ते फोनकडे बघत म्हणाले. "म्हणून तुझे मेसेज घातले."

"आणि?"

"आणि... गेलं तरी चालेल असं वाटलं होतं. तेव्हा."

 ह्यांनी वर न बघता पहिल्याच फाइलवर बोट ठेवलं, आणि ती खोली एकदम भरून गेली. "ऐक. काल तुझ्याकडे बाथरूमचा नळ ठिबकत होता. मी काही बोलले नाही." माझ्या कपाटाची काच थरथरली. तो आवाज आम्ही कितीतरी महिन्यांत ऐकला नव्हता, आणि कुणाच्या ध्यानातही आलं नव्हतं की ऐकला नाही.

ताई कॉटच्या कडेला बसली. पूर्ण मेसेज ऐकला. नळ, वायसर, माझं बारीक होणं, सगळं.

"मी एवढ्या जोरात बोलायचे?" तिने कुजबुजत विचारलं.

"हे हळू आहे," हे म्हणाले.

थेरपिस्टने रेकॉर्डिंग ऐकलं आणि तिला वेगळाच पेच पडला. "आवाज उत्तम आहे. पण सगळं रागावलेलंच आहे. शांतपणे बोललेलं काही नाही का?"

"हे शांतपणेच आहे," मी म्हटलं.

तिला पटेना. मग आम्ही दोघांनी बसून एकेक मेसेज चाळला, आणि एक सापडला. त्यात ताई बोलून झाल्यावर बटण बंद करायला विसरली होती. पुढे बराच वेळ ती घरात एकटी फिरत होती. चपलांचा आवाज, कपाटाचं दार. "चष्मा कुठे ठेवला बाई मी. इथे नाही. इथे पण नाही. काय गं, सगळं विसरतेस हल्ली. हे बघ, डोक्यावर तर आहे." आणि एक हसू, अगदी लहान. इतकी वर्षं मी त्या बाईची भावजय आहे, ते हसू मी ऐकलं नव्हतं. ह्यांनी मात्र ऐकलेलं होतं. ते उठून आत पाणी प्यायला गेले आणि भांडंभर पाणी प्यायला लागतो त्याहून पुष्कळ वेळ लावून आले.

ऑपरेशन झालं. ते सांगण्यासारखं नाही, आणि ताईलाही ते कोणी सांगितलेलं आवडणार नाही. गळ्यावर जाळीचा रुमाल आला. काही आठवडे ती पाटीवर लिहायची, आणि पाटीवरसुद्धा तिचं अक्षर ओरडायचं.

टॅब तयार होऊन आला त्या दिवशी आम्ही तिच्या घरी होतो. तिने तो मांडीवर घेतला. कारकून नसलेली ती बाई एका बोटाने टाइप करायला लागली. आम्ही समोर बसून होतो. हे तर परीक्षेला बसल्यासारखे, हात गुडघ्यांवर. बराच वेळ टकटक चालली. मग तिने शेवटचं बटण दाबलं, आणि तिचा आवाज, तोच तो वॉर्डातला, भिंती हलवणारा, भावाकडे बघत म्हणाला:

"गेलं तरी चालेल."

हे पांढरेफटक पडले. किती पांढरे, ते त्यांना स्वतःलाच सांगता आलं असतं. ताईचे खांदे हलत होते. आवाज नव्हता, पण ती हसत होती, डोळ्यांतून पाणी येईतो. मग पुन्हा टकटक. "चहा टाक. साखर कमी."

तो टॅब काहीही बोलला तरी रागावल्यासारखं बोलतो. 'बरं वाटतंय' म्हणाला तरी समोरचा उठून उभा राहतो. थेरपिस्ट म्हणते सूर सुधारता येईल. ताई म्हणते, काही गरज नाही.

आता पुन्हा मेसेज येतात. टॅबला बोलायला लावून ती ते फोनवर पाठवते. काल आला तेव्हा मी एका मोठ्या खिडकीचा पडदा घेऊन बसले होते. "ऐक. नळ दुरुस्त झाला का? नाही झाला, माहीत आहे मला. आणि जेवत जा." तळाची पट्टी अर्धीच झाली, कारण एका बोटाने मेसेज लांबत नाही. मी तो पुन्हा लावला आणि उरलेली पट्टी पुरी केली.

मशीन थांबलं तसे हे दारात आले. हल्ली ते नव्या कंपन्यांची माहिती वाचतायत, आधीच्या दोन्ही चालू ठेवून. चिकटरावाला त्यांनी स्वतःहून पत्र लिहिलं, त्याचं उत्तर अजून आलेलं नाही, म्हणून जरा लागलंय त्यांना. थोडा वेळ माझ्या हातातल्या पडद्याकडे बघत, दोन्ही कडा उजेडाकडे धरून, त्यांनी उगीच रंग बघितला.

"आता आला तो ताईचा होता ना?"

"हो."

"दोन्हीकडे चढवतो मी तो. तिसरी कंपनी बघतोच आहे." मग आवाज उतरवून, कोणी तिसरं ऐकत असल्यासारखं, "तुझ्या त्या पेनड्राइव्हमध्ये जागा आहे का गं थोडी?"

मी ड्रॉवर उघडला.